जुन्या डिझेल जीपचा फिल्टर : बदलताना काय पाहावे

हे पत्रक मेजर, कमांडर, एमएम ५४०, जुनी बोलेरो अशा यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमनरेल गाडीला, म्हणजे जिच्यात एकाच सामाईक नळीत डिझेल फार मोठ्या दाबाने राहते तिला, यातली एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढायची पद्धत मुळीच लावू नका. तिथे सैल नटातून उडालेले डिझेल कातडी फोडून आत जाते.

कोकणात डिझेल फिल्टर नुसता किलोमीटरवर सोडून भागत नाही. बागेत किंवा अंगणात उभी असणारी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही धावत नाही, तरी तिचा फिल्टर पाण्याने भरतो. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि रात्री गार होते, तेव्हा आतल्या दमट हवेचे पाणी पत्र्यावर धरते. डिझेल लिटरला साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरते, म्हणजे पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पाणी तळाला बसते आणि टाकी आतून गंजते. बॅरलमधले डिझेल वापरत असाल तर आणखी जपा. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री बॅरल गार झाले की बुचाच्या फटीतून ते आत ओढले जाते. बॅरल आडवे ठेवा, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत आणि डिझेलखाली राहतील असे.

पंपाच्या आतले प्लंजर (डिझेल ढकलणारे दट्टे) काही मायक्रॉनच्या फटीत फिरतात आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी पोचले की ओरखडे पडतात, प्लंजर जाम होतो, आणि मग खर्च फिल्टरच्या किमतीत राहत नाही.

गाडी सपाटीला ठीक चालते, पण आंबा घाटात भरल्या पेट्यांनिशी दम सोडते, तर फिल्टर चोक झाला असे आधी समजा. सकाळी लगेच सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडते, तर एअर घेते. इंजिन अडखळते, ठोकते आणि पांढरा धूर टाकते, तर पाण्याचा संशय घ्या.

जुन्या जीपमध्ये बहुधा जोड फिल्टर असतो : दोन भांडी, प्रत्येकात अर्ध्या लिटरच्या मापाचे एलिमेंट (गाळणीचा बदलायचा भाग). टाकीकडून येणाऱ्या बाजूला कापडी, पंपाकडे जाणाऱ्या बाजूला कागदी. ही अदलाबदल आम्हांला वरचेवर दिसते. कागदी टाकीच्या बाजूला बसला की सगळा गाळ त्याच्यावर येतो आणि तो लवकर बुजतो. भांडी उतरवण्याआधी कुठले कुठे होते ते खडूने लिहून ठेवा.

काम थंड इंजिनावर करा. फिल्टरचे डोके आणि भोवतालची जागा आधी ब्रशने धुऊन घ्या, कारण जांभ्याची तांबडी धूळ तिथे घट्ट बसलेली असते आणि भांडे उघडताच ती आत पडते. खाली डबा ठेवून तळाच्या प्लगातून भांडी रिकामी करा, मग मधला बोल्ट सोडा. भांडे आतून बोटाने पुसू नका, स्वच्छ डिझेलने खळबळून घ्या. सुती चिंधीचे धागे राहतात, तेही टाळा. जुने रबरी रिंग खोबणीत चिकटून राहते. ते काढल्याशिवाय नवे बसवले तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि भांडे कितीही आवळले तरी गळते. वायसर नवेच घाला, तांब्याचे असोत की ॲल्युमिनियमचे. भांड्यात एलिमेंटच्या बाहेरून स्वच्छ डिझेल भरा, मधल्या भोकात ओतू नका. डिझेल बाहेरून आत गाळले जाते. मधली बाजू पंपाची, तिथे ओतलेले न गाळता पुढे जाते. बोल्ट बेताने आवळा. गळती आवळून थांबवायच्या नादात भांड्याचे आटे जातात.

फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे पाठवणाऱ्या छोट्या पंपाच्या) पोटात बारीक जाळी असते, ती याच वेळी काढून धुवा. ही जाळी बहुतेक जण विसरतात, आणि नवे फिल्टर टाकूनही गाडी ओढत नाही ती पुष्कळदा हिच्यामुळे.

आता एअर. हँड प्रायमरची (हाताने डिझेल चढवायच्या पंपाची) मूठ सोडवून पंप मारा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल ठेवा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी एकसंध डिझेल. चाळीस-पन्नास झटके लागतात, कधी जास्तही. बुडबुडा संपल्यावर, पंप मारत असतानाच, स्क्रू बंद करा. मग हेच काम डिझेल पंपाच्या एअर स्क्रूवर करा. तरीही सुरू होत नसेल तर इंजेक्टरच्या पायपांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून स्टार्टर द्या, नटाशी डिझेल दिसले की आवळा. हात आणि चेहरा दूर ठेवा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त दाबू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मोटर तापते. शेवटी प्रायमरची मूठ परत आवळायला विसरू नका.

बुडबुडे संपतच नसतील तर गळती टाकी ते फीड पंप या भागात शोधा. तिथे खेच असते, म्हणून बाहेर थेंब दिसत नाही, फक्त हवा आत जाते. जुनी रबरी नळी आणि तिचा क्लिप हे पहिले संशयित.

जुने एलिमेंट फेकण्याआधी भांड्यातले डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवा. आमच्या मते हे फिल्टर बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकीचा तळ-प्लग उघडून पाणी काढा. तांबडी भुकटी म्हणजे गंज, टाकी उतरवून धुवायलाच हवी, नाहीतर नवा फिल्टर महिन्यात भरेल. काळपट, बुळबुळीत चिकटा निघाला तर पाणी बरेच दिवस साचून डिझेलात जिवाणू-बुरशी वाढली आहे. तेव्हा टाकी, नळ्या आणि दोन्ही एलिमेंट एकाच वेळी साफ किंवा बदली करा.

मेअखेर एकदा आणि पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्यांदा फिल्टर बदलावा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी भांड्याचा प्लग सैल करून अर्धा पेला डिझेल काढून पाहा, मग दोन-चार झटके प्रायमर मारा. पावसात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि झाकणाचे रबर पाहा. काढलेले डिझेल पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून आमच्याकडे आणून द्या.