फुल सस्पेन्शन सायकल घेण्याआधी तुटलेली फ्रेम नीट बघा

फ्रेम तुटली की ती भंगारात जाते आणि आपण नव्या फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे हादरे झेलणाऱ्या डोंगरी सायकलींच्या किमती बघायला लागतो. थोडं थांबा. जुनी फ्रेम कुठे आणि कशी तुटली, यावर पुढची खरेदी बरीचशी ठरते. तुटलेली कड पुसून घ्या आणि तिच्यावर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. कडेचा काही भाग गुळगुळीत आणि मळकट असेल, त्यावर ओहोटीनंतर जुहूच्या वाळूत उरतात तशा समांतर रेघा असतील आणि उरलेला भाग खरखरीत, चकचकीत असेल, तर ती फ्रेम एका आपटण्यात तुटलेली नाही. गुळगुळीत भागातली चीर बरेच दिवस हळूहळू सरकत होती. शेवटच्या क्षणी तुटला तो फक्त खरखरीत भाग. सगळीच कड खरखरीत असेल आणि नळी चेपलेली किंवा वाकलेली असेल, तर एकाच मोठ्या आघाताचा संशय घ्यावा.

पहिल्या प्रकाराला धातूचा थकवा म्हणतात. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० ते १८७० या काळात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात धातू जो भार सहज पेलतो, त्याहून बराच कमी भार पुन्हापुन्हा पडला तरी तो तुटतो. पोलादात एका मर्यादेखालचे ताण कितीही वेळा आले तरी बहुधा चीर पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हादरा थोडं आयुष्य खातो. म्हणून पोलादच घ्यावं असं मात्र नाही. वेल्डजवळ आणि गंज चढलेल्या जागी पोलादाचीही ती मर्यादा खाली येते, आणि गंज चढवायला मुंबईची हवा पुरेशी आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम टिकते ती नळ्या जाड आणि रुंद ठेवून ताण कमी राखल्यामुळे. वेल्डच्या जागी आयुष्य साधारण ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ताण सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी पातळ केलेली नळी हौशी माणसाला परवडत नाही, ती याचमुळे.

बहुतेक चिरा वेल्डच्या कडेला सुरू होतात. ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत वेल्डशेजारचा पट्टा तापून मऊ होतो आणि तिथली ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवतात आणि नंतर १७५ अंशांच्या आसपास काही तास भाजतात, तेव्हा ती ताकद परत येते. कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये आर्गन वेल्डिंग करून चीर बुजवता येते, दिसतेही छान. पण ही भट्टी तिथे नसते. नवीन चीर जुन्या वेल्डच्या अगदी बाजूने निघते, आणि हेड ट्यूबपाशी (हँडलखालच्या आखूड नळीपाशी) ती निघाली तर दात आणि खांदा पणाला लागतो. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचा पुढचा त्रिकोण (मुख्य नळ्यांचा) वेल्ड करून पुन्हा डोंगरावर नेऊ नये.

आता चिरेची जागा बघू. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) यांच्या सांध्यात चीर असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जास्त वर काढलेला होता किंवा फ्रेमचा साइझच लहान होता. पोस्टचं टोक या सांध्याच्या चांगलं खाली गेलंच पाहिजे. पोस्टवर कोरलेली किमान खूण फक्त पोस्टला वाचवते, फ्रेमला नाही. अशा चालवणाऱ्याला महाग फ्रेमची नाही, एक साइझ मोठ्या फ्रेमची गरज आहे. हेड ट्यूबमागे, डाउन ट्यूबच्या (खालच्या तिरक्या नळीच्या) खालच्या बाजूला तडा असेल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मुळापेक्षा लांब बसवलेला होता का ते तपासा. १२० मिमी ट्रॅव्हलच्या (चाक जेवढं वरखाली होतं त्या अंतराच्या) फ्रेमला १५० मिमीचा फोर्क लावला की तरफ लांबते आणि बहुतेक कंपन्यांची वॉरंटीही संपते. मागचा हादरा झेलणाऱ्या शॉकच्या माउंटपाशी, म्हणजे तो फ्रेमला जोडतो तिथे, तडा गेला तर शॉक वारंवार तळाला आपटत होता, त्याच्या बोल्टभोवतीचे बुश ढिले होते किंवा चुकीचा शॉक बसवला होता. २१०×५० (मिमीत लांबी × स्ट्रोक, म्हणजे शॉक दाबला जातो ते अंतर) च्या जागी २१०×५५ सहज बसतो, पण पूर्ण दाबावर टायर किंवा लिंक (मागचा भाग शॉकला जोडणारी पट्टी) फ्रेमला आदळू शकते. शॉकची हवा तुमच्या वजनाप्रमाणे भरा. ५५ मिमी स्ट्रोकच्या शॉकला ३० टक्के सॅग (नुसत्या वजनाने शॉक दबतो तेवढा भाग) म्हणजे सायकलवर बसल्यावर शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग १६.५ मिमी सरकायला हवी.

चेनस्टेवर (चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) मुख्य पिव्हटजवळ, म्हणजे मागचा भाग ज्या सांध्यावर वरखाली हलतो त्याजवळ, पडलेली चीर सर्वांत बोलकी. पिव्हटचं बेअरिंग ढिलं झालं की दोन्ही बाजू सारखा भार घेत नाहीत. एक चेनस्टे पिळतो आणि तुटतो. नवा मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा भाग) आणून जुन्याच बेअरिंगवर बसवला तर तोही तसाच जाणार.

पिव्हटची बेअरिंग चाकासारखी फिरत नाहीत, काही अंशच मागेपुढे होतात. गोळ्या त्याच जागी घासतात, ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) खळगे पडतात. त्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, खारी हवा आणि येऊरचा लाल चिखल. ऑक्टोबरमध्ये हे नक्की करा: मागचं चाक काढा, शॉकचे दोन्ही बोल्ट काढा, मागचा त्रिकोण हाताने वरखाली करा. रेती भरल्यासारखं लागलं किंवा तो आडवा हलला, तर बेअरिंग बदलायला आलं. बेअरिंग जोडीने बदला आणि बाहेरच्या रिंगवर प्रेसने दाबून बसवा. हातोडीने ठोकलेलं बेअरिंग बसतानाच खराब होतं. पिव्हट बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर लावा आणि टॉर्क रेंच वापरा. आकडा बहुधा लिंकवरच लिहिलेला असतो, तोच पाळा. पेट्रोलपंपावरचा प्रेशर वॉशर पिव्हटच्या दिशेने कधीच धरू नका.

खरेदीच्या वेळी म्हणूनच बेअरिंगचा नंबर विचारा. ६९०२ (१५×२८×७ मिमी) यासारखा प्रमाणित नंबर असेल तर नागदेवी स्ट्रीटवरही पर्याय सापडतो. फक्त पिव्हटसाठी आतला पिंजरा नसलेलं, गोळ्या खच्चून भरलेलं बेअरिंग घ्यावं. जागा तीच, पण भार जास्त गोळ्यांत वाटला जातो.

सस्पेन्शनच्या रचनेवर वाद घालणारे भरपूर. टिकाऊपणापुरतं बोलायचं तर जाड अ‍ॅक्सलचा एकच मुख्य पिव्हट आणि वर छोटी रॉकर लिंक ही रचना इथल्या पावसाला चांगली. चेनस्टेवर पिव्हट असलेली चार-सांध्यांची रचना ब्रेक लावल्यावर जास्त मोकळी चालते, पण बेअरिंग वाढतात. मागे पिव्हटऐवजी सीटस्टेच (मागच्या चाकाकडून सीटच्या दिशेने चढणारी नळी) लवचीक ठेवलेला असेल तर तो कार्बनचा असलेला बरा. ज्याच्या फ्रेमचा मागचा भाग आधीच तुटला आहे, त्याने लवचीक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नये. शॉकला लांब दुबेळकं जोडलेल्या फ्रेमही टाळा. तिथे शॉकच्या दांड्यावर आडवा भार येतो आणि सील लवकर जातात.

कार्बन धातूसारखा थकत नाही. आपल्या डोंगरांतला बेसॉल्ट मात्र धारदार आहे. उडालेला दगड डाउन ट्यूबला लागला की आतले थर सुटतात आणि वरून रंगावर टिकलीएवढा ओरखडा दिसतो. लोकलच्या मालडब्यात सायकल नेणाऱ्यांना तर जाड अ‍ॅल्युमिनियमच बरं.

मग किती दणकट हवी? एएसटीएम एफ२०४३ या मानकातला वर्ग सायकलवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. वर्ग ३ मध्ये उड्या ६१ सेंटिमीटरपर्यंत, वर्ग ४ मध्ये १२२ सेंटिमीटरपर्यंत धरल्या आहेत. येऊर आणि खारघरला जाणाऱ्यालाही, एकदा फ्रेम तुटली असेल तर, वर्ग ४ घ्यावा. १३० ते १४० मिमी ट्रॅव्हल, पंधरा किलोच्या आसपास वजन, आट्यांनी बसणारा ७३ मिमीचा बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस फिरतो तो भाग) आणि यूडीएच हँगर (मागचा गिअर टांगायची, अनेक ब्रँडना चालणारी पट्टी) हे गणित जमतं. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय सायकल मानकाचा शिक्का म्हणजे किमान पातळी. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमवर १,२०० न्यूटनचा पॅडल-भार एक लाख वेळा आणि पुढच्या टोकाला आडवा भार पन्नास हजार वेळा देतात. पॅडलच्या चाचणीत शॉक जखडलेला असतो किंवा त्याच्या जागी कडक सळी असते. म्हणजे ढिलं बेअरिंग आणि तळाला आपटणारा शॉक यांची परीक्षा तिथे होतच नाही.

दुकानात तीन गोष्टी लेखी मागा: चालवणारा, सायकल आणि बॅग धरून कमाल वजन किती; मागच्या त्रिकोणाची वॉरंटी किती वर्षांची (ती पुढच्या त्रिकोणाइतकी असेलच असं नाही); आणि मागचा त्रिकोण सुटा मिळतो का. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता गडबडला तर दुसरा ब्रँड बघा.

जुनी सायकल घेत असाल तर वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, हे धरूनच किंमत करा. सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढायला लावा. तो खाऱ्या हवेने आत चिकटला असेल तर पुढे तो सोडवताना फ्रेमच जाईल. वेल्डच्या कडेने जुना नायलॉनचा पायमोजा फिरवा. धागा अडकला की तिथला रंग थोडा खरवडा आणि वेल्डर वापरतात तो लाल डाय-पेनेट्रंट मारा. दहा मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारला की रंगाचा तडा असेल तर काहीच दिसत नाही. धातूच चिरला असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.