शौचव्यवस्था, नौकामुक्कामातील

कॅनू, कयाक (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होड्या) किंवा डोंग्यातून अनेक दिवसांचा प्रवास करताना काठावरील मुक्कामात मलमूत्र, सांडपाणी व अंगस्वच्छता यांची करावयाची व्यवस्था. नागपूर परिसरात पेंच, कन्हान व वैनगंगा या नद्या आणि रामटेकजवळील खिंडसी तलाव यांच्या संदर्भात तिचा विचार होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी हिंडण्यास व उघड्यावर मुक्कामास मनाई असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही.

पाण्यापासून सुमारे ६० मी. दूर १५ ते २० सेंमी. खोल खड्डा खुरप्याने खणून नंतर तो मातीने बुजवणे, ही सर्वपरिचित रीत होय. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बायबलच्या जुन्या करारात (‘अनुवाद’ नावाचे पुस्तक, अध्याय २३) छावणीबाहेर खणून विष्ठा झाकण्याची स्पष्ट आज्ञा आढळते. मनुस्मृतीच्या (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० दरम्यानची मानली जाते) चौथ्या अध्यायात पाण्यात, वाटेवर, नांगरलेल्या शेतात मलमूत्रोत्सर्ग निषिद्ध असून जमीन काष्ठ, ढेकळे, पाने, गवत यांनी आच्छादण्यास सांगितले आहे, खड्ड्याचा उल्लेख मात्र नाही. त्यामुळे या वचनात आजच्या रीतीचे मूळ पाहणे ओढाताणीचे वाटते. अधिक जवळचा धागा सेवाग्रामकडे जातो. जमिनीचा वरचा थर सूक्ष्मजीवांनी भरलेला असल्याने मैला उथळ पुरावा, हे इंग्रज वैद्य पूर यांचे मत गांधीजींनी उचलून धरले आणि ‘टट्टी पर मिट्टी’चा प्रचार केला. अमेरिकी वनभ्रमंतीतील नियम याच तत्त्वावर, पण बहुधा स्वतंत्रपणे घडले असावेत.

खोलीला किती महत्त्व द्यावे, हाही वादाचा विषय आहे. माँटानातील डोंगराळ मातीत केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पुरलेल्या विष्ठेतील साल्मोनेला हे आतड्याचे विकार करणारे जंतू हिवाळाभर टिकले व खोलीने फरक पडला नाही. तो प्रदेश थंड असल्याने निष्कर्ष विदर्भाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी खोलीपेक्षा पाण्यापासूनचे अंतर निर्णायक, हे मत ग्राह्य वाटते. विदर्भातील काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसात ती चिकट होते, म्हणून तीत खणणे अवघड जाते. नदीपात्रातील रेतीत खणणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत अयोग्यही. पहिल्या पुरात सारे पाण्यात जाते. अशा ठिकाणी विष्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात परत नेणेच योग्य. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या नौकाप्रवासात हे बंधनकारक आहे. मूत्र मात्र तेथे मोठ्या वाहत्या नदीतच सोडतात. खिंडसीसारख्या साचल्या पाण्याला तो नियम लागू करू नये.

धुण्यासाठी पाणी टमरेलात खड्ड्यापर्यंत न्यावे. काठावर बसू नये. हात साबणानेच धुवावेत, कारण अल्कोहोलयुक्त द्रव क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीवर निष्प्रभ ठरतो. झाकणाला भोक पाडलेली बाटली उलटी टांगली की बारीक धार मिळते व दोन्ही हात मोकळे राहतात. अंघोळही बादलीने, काठापासून दूर करावी. ‘जैवविघटनशील’ साबणालाही विघटनासाठी माती लागते. वापरलेले सॅनिटरी पॅड पुरू नयेत, परत आणावेत.

नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंचमधून येतो आणि शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळून पुढे वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयात जाते. म्हणून आंभोरा येथील कन्हान-वैनगंगा संगमाच्या खालच्या बाजूस पाणी उकळूनही निर्धोक होईलच असे नाही. उकळण्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत.