पदक मिळालं आणि धावावंसंच वाटेना?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते, आणि त्यानंतर आमच्या धावणाऱ्या मंडळींत एक समज हमखास फिरतो: शर्यतीनंतर धावावंसं वाटत नसेल तर जिद्द कमी पडली. आठवडाभर थांबलात तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून लगेच पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवा.

हे खरं नाही. 16-20 आठवडे पहाटेचा गजर, जेवण, झोप, सगळं एका तारखेभोवती फिरत असतं. पेडर रोडचा चढ संपतो, 42.195 किलोमीटर पूर्ण होतात, आणि ती तारीखच उरत नाही. मग रितेपण येणारच. त्यात स्नायूंना सूक्ष्म इजा झालेली असते. दुखणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. स्नायू पूर्ण भरून यायला त्याहून बराच वेळ लागतो. (दुखण्याचा दोष धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला देऊ नका, ते शर्यतीनंतर तास-दोन तासांतच रक्तातून ओसरतं.)

आणि क्षमता? पूर्ण विश्रांती घेतली तरी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन-तीन आठवड्यांत काही टक्क्यांनीच घसरते. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्याने होते, आणि सराव सुरू केला की तो लवकर भरून निघतो.

म्हणून पहिले दोन आठवडे घड्याळ घरी ठेवा, चाला, पोहा, मनसोक्त झोपा. पुढची शर्यत त्यानंतर ठरवा. मात्र महिना उलटूनही झोप, भूक, उत्साह परतला नाही, तर डॉक्टरांना नक्की भेटा.