भूक मेंदूत शोधणारा माणूस: बी. के. आनंद यांच्या कामाची पार्श्वभूमी

'एम्सच्या डॉक्टरांनी समाधी सिद्ध केली' असा फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतोच, आणि त्याच्यामागे जे खरं संशोधन आहे ते दिल्लीच्या एम्समधले फिजिऑलॉजीचे (शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र) प्राध्यापक बाल कृष्ण आनंद यांचं. गंमत म्हणजे जगभरचे न्यूरोसायन्सवाले त्यांना ओळखतात ते योग्यांमुळे नाही, भुकेमुळे.

भूक लागते कुठे? पोटात, असंच कोणीही सांगेल, आणि शंभर वर्षांपूर्वी सायन्सही तेच म्हणत होतं. 1912 मध्ये हार्वर्डला वॉल्टर कॅनन यांच्या हाताखालच्या वॉशबर्नने चक्क फुगा गिळला, फुग्याला जोडलेल्या नळीतून पोटाचं आकुंचन मोजलं आणि पोट आवळतं तेव्हाच भूक जाणवते असं दोघांनी दाखवलं. मेंदूकडे नजर वळली ती 1940 च्या सुमारास. हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाचा, मधला भाग जाळला तर उंदीर नुसते लठ्ठ होत गेले, आणि पुढे येलच्या जॉन ब्रोबेक वगैरे मंडळींनी दाखवलं की ते अधाशासारखे खातात म्हणून लठ्ठ होतात. म्हणजे 'आता बास' म्हणणारी जागा सापडली, पण 'खा' म्हणणारी?

आनंद मूळचे लाहोरचे, जन्म 1917 चा, शिक्षण तिथल्याच किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजात. दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवायचे, तिथून रॉकफेलर फेलोशिपवर ब्रोबेककडे गेले. काम किचकट होतं, उंदराचं डोकं फ्रेममध्ये घट्ट बसवायचं, मोजमाप करून बारीक इलेक्ट्रोड आत सोडायचा, करंट देऊन टाचणीच्या टोकाएवढा भाग जाळायचा, आणि मग रोज किती खाल्लं ते मोजत बसायचं. हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या कडेचा अगदी छोटा भाग एकाच बाजूला जाळला तर काहीच फरक नाही. दोन्ही बाजूंना जाळला की उंदराने खाणंच सोडलं, समोर अन्न असताना उपाशी मेला. आधी मधला भाग जाळून खादाड केलेल्या उंदरांचंही तेच झालं. 1951 ला पेपर आले आणि 'फीडिंग सेंटर' हा शब्द टेक्स्टबुकात जाऊन बसला.

तो तसाच टिकला मात्र नाही. 1954 मध्ये टायटलबॉम आणि स्टेलर यांनी या उंदरांना नळीने भरवून जगवलं तर काही दिवसांनी ते परत आपणहून खायला लागले. 1971 ला उंगरस्टेड यांनी दाखवलं की त्या भागातून डोपामिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) वापरणारे मज्जातंतू जातात आणि तेवढे तोडले तरी जनावर खायचं थांबतं, म्हणजे आनंद यांच्या करंटने पेशींबरोबर वायरिंगही जळलं असणार. माझ्या मते यात कमीपणा काही नाही, कारण 1998 मध्ये ओरेक्सिन हे भूक वाढवणारं रसायन सापडलं तेही नेमकं याच भागातल्या पेशींमध्ये. सेंटर ही कल्पना फार सोपी होती, पण जागा बरोबर होती.

परत आल्यावर 1956 मध्ये सुरू झालेल्या एम्समध्ये त्यांनी फिजिऑलॉजी विभाग उभा केला. जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांच्यासोबत 1962 ला सायन्स जर्नलमध्ये पेपर आला, रक्तातली साखर बदलली की या भुकेच्या केंद्रांची इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी कशी बदलते त्यावर.

याच तिघांनी योग्यांचे ईईजीही (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढले, 1961 चा पेपर आहे. समाधीत बसलेल्यांपैकी दोघांवर प्रखर लाइट टाकला, मोठ्ठा आवाज केला, गरम काचेची नळी टेकवली, तरी अल्फा लहरी (शांत बसल्यावर मेंदूत दिसणाऱ्या संथ लहरी) मोडल्या नाहीत, एरवी दचकल्यावर त्या लगेच मोडतात. दुसऱ्या दोघांनी 4 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासापेक्षा जास्त हात ठेवला, अल्फा तशीच. त्याच वर्षी रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून त्यांना ऑक्सिजन किती कमी पुरतो तेही मोजलं. पण समाधीत ईईजी काढलेले योगी चारच होते, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

आणि 1961 चाच तिसरा पेपर तर गायबच असतो. अमेरिकेतून आलेले वेंगर आणि बागची यांच्यासोबत आनंद यांनी 'हृदय थांबवतो' म्हणणाऱ्यांना ईसीजी लावला. हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, नाडी हाताला लागत नाही, ठोके स्टेथोस्कोपला ऐकू येत नाहीत, एवढंच. ज्या माणसाने समाधीचा ईईजी छापला त्यानेच हेही छापलं, मला तरी त्यांचं हेच जास्त आवडतं.

आपल्याकडे लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासूनच योगाला लॅबमध्ये आणलं होतं. तिथल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी पुढे हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून मोजमापं घेतली, आणि 1968 मध्ये ती इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली, रामानंद योगींचा पेपर आला होता तेच जर्नल.