पार्श्वभूमी : आदिमानवाचा आहार आणि शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी

शेतीच्या आधी माणूस जे खायचा तेच खा, असं ‘पॅलिओ’ आहार सांगतो. असं आदिमानवासारखं खायचं म्हटलं की सांगली-साताऱ्यात पहिली गदा भाकरीवर येते. ‘धान्य बंद’ हा या आहाराचा सर्वांत वादग्रस्त नियम. १९८५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखानं हा विषय अभ्यासकांपुढे आणला. त्याचा भर भरपूर प्रथिनं, भरपूर तंतू आणि कमी मीठ यांवर होता. धान्य-कडधान्य आणि दूध सरसकट वर्ज्य करणारी पथ्यं लोकप्रिय केली ती २००२ च्या एका पुस्तकानं.

नियमामागचा युक्तिवाद असा : शेतीला जेमतेम दहा हजार वर्षं झाली, तेवढ्यात शरीर बदलत नाही, म्हणून धान्यानं मधुमेहासारखे आजार होतात. इथंच गोची आहे. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता अनेक समाजांत याच काळात पसरली. शिवाय पिठूळ अन्न शेतीहून कितीतरी जुनं आहे. युरोपात तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर रानटी वनस्पती दळल्याच्या खुणा आहेत. जॉर्डनमध्ये शेतीच्या आधीची, चौदा हजार वर्षांपूर्वीची भाकरी सापडली आहे. मग रेघ शेतीपाशीच का ओढायची, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

ज्वारी-बाजरी मूळची आफ्रिकेची, पण दख्खनच्या ताटात ती हजारो वर्षं आहे. उलट उपवासाची रताळी, बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे हे सगळं अमेरिकेतून आलेलं, गेल्या पाचशे वर्षांतलं.

आपल्याकडचा खरा बदल मात्र ताजा आहे. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) यांवर घरं जगली. संकरित ज्वारी आधीच आली होती. तिची भाकरी कुणाला गोड लागली नाही. पुढं कृष्णेचं पाणी उपसा योजनांनी वर चढलं आणि शाळूच्या रानात ऊस, द्राक्ष, डाळिंब उभं राहिलं. रेशनचा गहू-तांदूळ रोजचा झाला, चहात साखर वाढली, बेकरीचा माल वाडीवस्तीवर पोचला, आणि कष्टाची कामं यंत्रांकडं गेली. मधुमेहाचं कारण शोधताना हे पन्नास वर्षांचं पान आधी उलटायला हवं.

शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. शाकाहारी घरानं धान्य, डाळ आणि दूध तिन्ही सोडलं, तर प्रथिनं आणायची कुठून?

या आहाराच्या चाचण्या बहुतेक पाश्चात्त्य देशांत, थोड्या लोकांवर झाल्या. वजन उतरलं, हे खरं. पण दोन वर्षं चाललेल्या एका स्वीडिश चाचणीत सहा महिन्यांनी दिसलेला वजनातला फरक शेवटी उरला नाही. आणि तिथं तुलना होती ती तिकडच्या नेहमीच्या आरोग्यदायी आहाराशी. शाळूची भाकरी, पिठलं आणि मेथीची भाजी त्या तुलनेत कुठंच नव्हती.