लिब्रा: फेसबुकचं चलन कुठे अडलं?

१८ जून २०१९ रोजी फेसबुकने ‘लिब्रा’ या डिजिटल चलनाची घोषणा केली. जगातल्या सुमारे १७० कोटी प्रौढांचं तेव्हा बँकेत खातं नव्हतं. मेसेज धाडावा तितक्या सहज त्यांना पैसे धाडता यावेत, हा कंपनीने सांगितलेला हेतू. परदेशात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशांतून वाटेत किती शुल्क कापलं जातं ते पाहिलं, की हा हेतू मला आजही रास्त वाटतो.

बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही कुणीही चालवू शकतो आणि नवी नोंद करायला संगणकांची प्रचंड वीज खाणारी शर्यत लागते. लिब्राची नोंदवही मात्र जिनिव्हातल्या एका संघटनेचे निवडक सदस्यच सांभाळणार होते. व्यवहार त्यांच्या संगणकांच्या मतांनी पक्का व्हायचा. दोन तृतीयांशांहून अधिक मतं जुळली की नोंद कायम. एक तृतीयांशाहून कमी संगणक बिघडले किंवा मुद्दाम खोटं बोलू लागले, तरी हिशेब चुकत नाही. ही गणिती बाजू भक्कम होती.

घोडं अडलं ते चलनाच्या किमतीपाशी. बिटकॉइनसारखे चढउतार नकोत म्हणून प्रत्येक लिब्रामागे डॉलर, युरो, येन, पौंड अशा चलनांतल्या ठेवी आणि सरकारी रोखे ठेवायचे ठरलं. फेसबुकचे वापरकर्ते २०० कोटींहून जास्त. महागाईला कंटाळून एखाद्या लहान देशातल्या लोकांनी आपली बचत लिब्रात नेली, तर तिथल्या केंद्रीय बँकेने व्याजदर बदलून काय साधणार? ही भीती मला अवाजवी वाटत नाही. फ्रान्सचे अर्थमंत्री ब्रूनो ल मेर यांनी सप्टेंबरमध्येच विरोध जाहीर केला. वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या संमतीविना राजकीय प्रचारासाठी वापरली गेल्याच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर फेसबुकच्या शब्दावर भरवसा ठेवायलाही कुणी तयार नव्हतं. ऑक्टोबरमध्ये पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड, स्ट्राइप या पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्या जिनिव्हातल्या संघटनेतून बाहेर पडल्या.

एप्रिल २०२० मध्ये एकेकाच चलनाशी बांधलेल्या नाण्यांचा सुधारित आराखडा आला, डिसेंबरात नाव ‘डिएम’ झालं. तोवर उशीर झाला होता. जानेवारी २०२२च्या अखेरीस सगळी मालमत्ता अमेरिकेतल्या सिल्व्हरगेट बँकेला विकली गेली. लोकांच्या हाती एकही नाणं पडलं नाही. लिब्रासाठी घडवलेली ‘मूव्ह’ ही प्रोग्रॅमिंग भाषा मात्र टिकली. तिच्यात पैशाची नक्कल करता येत नाही की तो चुकून गहाळ होत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतो, इतकंच. फेसबुक सोडलेल्या अभियंत्यांनी उभारलेल्या अ‍ॅप्टॉस आणि सुई या ब्लॉकचेन, म्हणजे अशाच सामायिक डिजिटल नोंदवह्या, तीच भाषा वापरतात.