चाक लहान, टायर मऊ

पुण्यात नाना पेठेतल्या टायरच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबले, की कंपनीची १४-१५ इंची चाके काढून १७-१८ इंची अलॉय बसवण्याची मागणी हमखास कानावर पडते. त्याने गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. पण ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे उभ्या गाडीने पाव मैल (सुमारे ४०२ मीटर) सरळ अंतर कमीत कमी वेळात कापण्यासाठी, ही निवड नेमकी उलटी आहे.

घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण शाळेत शिकतो. रबर मात्र हा नियम पाळत नाही. मऊ रबर डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखलपणात शिरते आणि त्याचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, त्यामुळे तोच भार अधिक जागेवर पसरला तर पकड वाढते. एका चाकावर २५० किलो भार आणि टायरमध्ये '३२ हवा', म्हणजे ३२ पीएसआय, असेल तर रस्त्याला टेकणारी जागा ढोबळमानाने ११० चौरस सेंटिमीटर भरते. हवा निम्म्यावर आणली की ही जागा दुपटीच्या आसपास जाते. ड्रॅग रेसिंगमधल्या सर्वांत वेगवान अशा टॉप फ्युएल वर्गातल्या गाड्यांच्या मागच्या टायरमध्ये तर जेमतेम ७ पीएसआय हवा असते.

या टायरला 'स्लिक' म्हणतात, कारण त्यावर नक्षीच नसते. गाडी सुटते त्या क्षणी जवळून पाहिले तर रिम आधी फिरते, रस्त्याला टेकलेले रबर जागीच राहते आणि मधल्या भिंतीवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, पिळलेल्या धोतरासारख्या चुण्या पडतात. इंजिनाचा झटका एकदम रस्त्यावर न आदळता या चुण्यांत मुरतो आणि टायर जागच्या जागी घसरत नाही. चुण्या पडायला भिंत उंच हवी, म्हणून रिम लहान हवी. ब्रेकची डिस्क आत मावेल एवढी असली की पुरे. हवा कमी असल्याने टायरच्या आत रिमच फिरून जाण्याची भीती असते, म्हणून टायरची कड रिमला स्क्रूने जखडतात.

वजनाचा हिशोबही लहान चाकाच्याच बाजूने आहे. परिघावरचा एक किलो पुढे ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो, त्यामुळे वेग घेताना तो जवळपास दोन किलोंसारखा जाणवतो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन पुढची चाके फिरवते, आणि खरी अडचण तिथे आहे. १००० किलोची, २.५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी, जिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे, गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने सुटली, तर १०० किलो भार पुढून मागे सरकतो. म्हणजे पकड जिथे हवी तिथूनच निघून जाते. अशा गाडीला मऊ टायर पुढे लावावेत आणि मागे अरुंद टायर ठेवून त्यांत हवा भरपूर भरावी.

शर्यतीआधी चाके जागेवर फिरवून धूर काढतात, तो दिखावा नसतो. त्याने रबरावरची धूळ जळते आणि ते तापून चिकट होते. हे सारे बंद धावपट्टीवरचे आहे. द्रुतगती मार्गावर कमी हवेचा टायर सतत दुमडून तापतो आणि फुटतो, तर पावसात स्लिकला पाणी बाजूला सारायला खाचाच नसल्याने गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते.